डोळ्यांच्या डॉक्टरांचं मानपत्र

रायपूर, पुरानी बस्ती

ती. कौमुदीताई,

गुडघ्यांना झेपेल तितका वाकून नमस्कार. यज्ञेश्वररावांच्या मोतीबिंदूचं काय झालं? जन्मभर लोकांच्या डोळ्यांची ऑपरेशनं केली आणि स्वतःची वेळ आली तर पंचांग उघडून बसले, असं त्यांना माझ्या नावानं सांगा. (नागपूरच्या उन्हाचं कारण नको. आमच्याकडे काही चांदणं पडत नाही.)

इकडे माझी नात गंधाली सोडून सगळे ठीक. पोट्टी तीन वर्षं नवा रायपूरच्या विद्यापीठात भाताच्या वाणांवर पीएच.डी. करते आहे, म्हणजे चिखलात उभी राहते आहे. चिखलातून जो शोधनिबंध निघाला तो तिच्या गाइडनं, डॉ. भार्गवनं, छापून आणला. त्यावर पहिलं नाव त्याचं, दुसरं त्याच्या भाच्याचं. गंधालीचं नाव आभारातसुद्धा नाही. (भाच्यानं भात फक्त ताटात पाहिला असावा.) तिनं विचारलं तर त्या गृहस्थानं तिच्या सहामाही अहवालावर सही करणंच बंद केलं. सही नाही तर महिनाअखेर तिची नोंदणी रद्द. तिनं तक्रार केली आणि मला म्हणाली, "आजी, तू बस साथ चल. बोलना मुझे है." मी "हव" म्हटलं.

विद्यापीठाच्या तक्रार समितीपुढे मी दीड मिनिट गप्प बसले. मग समितीच्या अध्यक्षा चित्रा मॅडमना चाळीस मिनिटं सगळं समजावून सांगितलं, त्यात भार्गवला मी 'उपटसुंभ' तीनदा म्हटलं. बाई भली आहे. आपली मराठीच. पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "काकू, तक्रार हिची आहे न, हिलाच बोलू द्या." पोट्टीनं सहा मिनिटांत तारखांसकट सांगितलं. चौकशी होईपर्यंत अहवालावर दुसऱ्या सरांची सही चालेल, असं तिथंच ठरलं. मी पर्स उचलली.

तेवढ्यात मॅडमनी भार्गवच्या उत्तराला जोडलेला कागद काढला. चारित्र्याचा पुरावा म्हणून आपल्या इथल्या मराठी मंडळाचं मानपत्र. गेल्या गणपतीत तो प्रमुख पाहुणा होता, तेव्हा दिलेलं. त्याला मराठी वाचता येत नाही, मॅडमना येतं. त्यांनी सावकाश वाचलं, "'असंख्य अंधारलेल्या डोळ्यांना प्रकाश देणारे, शस्त्रक्रियेत निपुण असे हे हात...' काकू, हे डॉक्टर भाताचे की डोळ्यांचे?" खाली छापलेलं, लेखन: शर्मिष्ठा. मी पर्स परत मांडीवर ठेवली.

ताई, ओळखलंत ना? दहा वर्षांपूर्वी मंडळानं यज्ञेश्वररावांचा सत्कार केला तेव्हा तुम्ही लिहिलेलं ते. तुम्ही नागपूरला गेलात आणि मानपत्राचं काम माझ्या गळ्यात पडलं. तेव्हापासून दर वर्षी मी वरचं नाव बदलते. बँकेच्या साहेबांना शस्त्रक्रियेत निपुण केलं, वीज मंडळाच्या इंजिनिअरलाही केलं, कुणी हूं की चूं केलं नाही. शाल घालताना लोक टाळ्या वाजवतात, ऐकतो कोण?

परतताना गाडीत गंधाली म्हणाली, "आजी, कागज वही, नाम दूसरा. सर ने भी तो यही किया है ना?" शाळेत शेजारणीच्या वहीतलं एक गणित उतरवलं म्हणून कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी मला दिवसभर बाकावर उभं केलं होतं, ती मी. नवा रायपूरचे ते रुंद, रिकामे रस्ते संपून गोल बाजारची गर्दी लागली, तशी मी पर्समधून कागद आणि पेन काढलं.

आपली,
शर्मिष्ठा

ता. क. : खरं काम हे, की मूळ मानपत्र तुमच्या दिवाणखान्यात टांगलेलं आहे. तारीख दिसेल असा त्याचा फोटो गुरुवारच्या आत गंधालीच्या फोनवर पाठवा. (काच पुसून. यज्ञेश्वररावांना काढायला सांगू नका, त्यांना दिसत नाही.) म्हणजे ती स्तुती भार्गवची नाही हे समितीला कळेल.

आणखी एक : माझा जबाब मी देऊन आले. तेव्हा सिस्टरनी माफीनामा लिहायला शिकवला होता तसा, चार ओळी, विशेषण एकही नाही. 'हा मजकूर माझा नाही. तो कौमुदीताईंनी आपल्या यजमानांसाठी लिहिला. मी नऊ वर्षं तो माझ्या नावावर खपवला. डॉ. भार्गवना मी नावापलीकडे ओळखत नाही.' गंधालीनं वाचला आणि साक्षीदार म्हणून खाली सही केली. ताई, तुम्ही रागावला असाल तर भेटीत रागवा.

शेवटचं : गणपतीला या. यंदाचे पाहुणे दातांचे डॉक्टर आहेत. मानपत्र तुम्हीच लिहा, खाली नाव तुमचंच. (अगदीच वेळ नसला तर डोळ्यांच्या जागी दात घालून मी भागवते.)