पहिल्या रांगेतली खुर्ची

२० सप्टेंबर, शनिवार

विभावरीला इथल्या मराठी मंडळाच्या शारदोत्सवात गायला बोलावलंय. २८ तारीख, रविवार, संध्याकाळी सहा. तनय झाल्यापासून बायको स्टेजवर गेलेली नाही. तिच्या गाण्याच्या बाईंनी स्वतः रचलेलं गीत म्हणणार. बाई आता नाहीत, त्यामुळे ते गाणं फक्त आमच्या घरात उरलंय. अडचण एकच. दुसऱ्या अंतऱ्याची सुरुवात ती हमखास विसरते. 'दिवा सोडिला पाण्यावरती.' स्वयंपाकघरात रियाज करताना ती तिथे थांबते, माझ्याकडे पाहते, मी नुसते ओठ हलवतो आणि गाडी पुढे जाते. तनय तेव्हा खाली डबे बडवत असतो. कागद समोर ठेवून गायचं नाही, हा बाईंचा नियम.

तिने एवढंच मागितलं: पहिल्या रांगेत बस, मला दिसशील असा, आणि तनयला सांभाळ. हे काय काम झालं? मी खमरियाच्या फॅक्टरीत प्लॅनिंगला आहे.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

तनय (दोन वर्षं सात महिने) हा मुळात प्लॅनिंगचा विषय आहे. लोक उगाच संगोपन वगैरे म्हणतात. रविवारी सकाळपासून त्याला गावातले उत्सव दाखवायचे. सकाळी बंगाली मंडप, दुपारी लोककलांचा मेळावा, संध्याकाळी आपला शारदोत्सव. भरपूर चालवायचं. साडेपाचला पोरगं गाढ झोपणार. सहाला मी पहिल्या रांगेत, ओठ तयार. संस्कार होतील ते वेगळेच.

विभावरी म्हणाली, काहून इतकं करून राहिला? दुपारी घरी झोपू दे त्याला, संध्याकाळी घेऊन ये, बस. तिला सिस्टीम कळत नाही.

इथे चारी बाजूंनी हिंदी, म्हणून आजपासून तनयशी फक्त मराठी. मोबाईल त्याच्या हातात द्यायचा नाही. माझं गोड बंद.

२५ सप्टेंबर, गुरुवार

ट्रायल घेतली. ड्यूटीवरून आल्यावर तनयला क्वार्टरपासून मैदानापर्यंत चालवत नेलं. येताना तो रस्त्यात बसला. मी मराठीत विनवलं. तो म्हणाला, नहीं जाना. मग मी हिंदीत ओरडलो, पण तो नाइलाज होता. शेवटी खांद्यावर आणला. घरी तो नऊपर्यंत उड्या मारत होता म्हणे. मी साडेआठलाच झोपलो होतो. निष्कर्ष: अंतर वाढवायला हवं.

२७ सप्टेंबर, शनिवार

उद्याचा चार्ट चार रंगांत करून फ्रिजवर लावला. संध्याकाळी पाहिलं तर पाठीमागे विभावरीने किराण्याची यादी लिहिलेली. पोराला छातीशी बांधायची पिशवी मागवली होती, ती आली. फक्त इमर्जन्सीसाठी.

२८ सप्टेंबर, रविवार

स. ७.५०. सहाला उठायचं होतं. रविवारचे सहा म्हणजे साधारण आठच.

स. १०.१५. बंगाली मंडप. ढाक, म्हणजे त्यांचा मोठा ढोल, वाजला आणि तनय माझ्या गळ्यात. इमर्जन्सी जाहीर केली. पिशवीत बसल्यावर मात्र त्याला ढाक आवडला. माझ्या टकलावर ठेका धरला. संस्कार सुरू.

दु. १२.३०. मेळावा. कुंडमकडून आलेली आदिवासी मंडळी काय सुंदर नाचत होती! तनयने त्यांच्याकडे पाठ करून जनरेटर पाहिला. पंचवीस मिनिटं. हलवलं की भोकाड.

दु. २.१०. पिशवीत झोपला. आत्ता झोपायचं नव्हतं, पण डुलकीच आहे. मी थांबलो की तो चुळबुळतो, म्हणून चालतोच आहे.

दु. ३.५५. अजून चालतोच होतो. आत्ता उठला, एकदम ताजा. दोघांचं मिळून सहा किलोमीटर झालं असेल. त्याला लालूच म्हणून खोव्याची जलेबी घेतली. त्याने एक चाटली. उरलेल्या पाच टाकून थोड्याच द्यायच्या? मोबाईलही दिला, पण फक्त माझे पाय सरळ होईपर्यंत.

सायं. ५.४०. मंडळाचा हॉल. पहिली रांग, मधली खुर्ची. विभावरीने मोरपंखी साडी नेसलीये. पडद्याआडून तिने पाहिलं, मी हातानेच सगळं ठीक अशी खूण केली. तनय झोपलेला नाही, पण मांडीवर शांत आहे. खुर्ची चांगली मऊ आहे. पंखाही नेमका डोक्यावर.

सायं. ७.४५. कार्यक्रम उत्तम! गाणं मी डोळे मिटून ऐकलं. जाणकार तसंच ऐकतात. टाळ्यांनी डोळे उघडले तर लोक तनयला पेढे भरवत होते. लहान मुलं सगळ्यांनाच आवडतात. मंडळाच्या सचिव विनताकाकू मला म्हणाल्या, थकले असाल जी. प्रेमळ बाई. ऑटोत विभावरीने विचारलं, दुसरा अंतरा कसा झाला? मी म्हटलं, सगळ्यात छान तोच. ती बाहेर पाहत राहिली. भरून आलं असणार.

२९ सप्टेंबर, सोमवार

विनताकाकूंनी ग्रुपवर व्हिडिओ टाकला. जेवणाच्या सुट्टीत तीनदा पाहिला.

पहिला अंतरा सुरेख. मग विभावरी थांबते. पहिल्या रांगेकडे पाहते. तबल्याचं एक आवर्तन जातं, दुसरं जातं, ती पाहतेच आहे. कॅमेरा वळतो. मधल्या खुर्चीत मी. मान मागे, तोंड सताड उघडं, ओठ मात्र हलत नाहीत. माझ्या मांडीवर उभा राहून, माझा कान धरून तनय ओरडतो, दिवा तोल्ला पान्यावलती! अख्खी ओळ. मराठीत. सगळा हॉल हसतो, विभावरी हसते, डोळे पुसते आणि गाणं पुढे जातं. व्हिडिओखाली बत्तीस जणांनी टाळ्या टाकल्यात. त्यात एक माझी आहे. सकाळी न बघताच टाकली होती.

घरी आल्यावर विषय काढला. ती रागावली असती तर उत्तर तयार होतं (जलेबी, पंखा). ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, मी आधी तुझ्याकडेच पाहिलं होतं.

फार लाज वाटली. इथे लिहून ठेवतो.

३० सप्टेंबर, मंगळवार

आजपासून तिच्या रियाजाला रोज हजर राहायचं. चार्ट वगैरे काही नाही.

संध्याकाळी ती पोळ्या लाटताना तेच गाणं म्हणत होती. मी दारात उभा राहिलो. पूर्ण जागा, ओळ ओठांवर. पहिला अंतरा संपला. ती थांबली, हातात लाटणं धरून वळली, आणि खाली डबे बडवणाऱ्या तनयकडे पाहिलं.