बंद इंजिनाची शांतता

प्रिय तुयारा,

खाणीवर मी धडधाकट आहे. तू विणलेले मोजे रोज घालतो. आईचा खोकला कसा आहे?

काल इथल्या ड्रायव्हरच्या, प्रोकोपीच्या ट्रकचा रेडिएटर गळायला लागला. डाख लावायला इंजिन बंद करावं लागलं. ऑक्टोबरपासून इथे एकही इंजिन थांबलेलं नव्हतं, थंडीत गोठेल म्हणून. ती शांतता ऐकून माझा हात थांबला.

प्रोकोपी म्हणाला, "बायको आठवली वाटतं?"

"गप, डाखाची कांडी दे इकडे."

तू लिहितेस, आपली गाडी अंगणात रात्रंदिवस चालूच असते. अगं, चालवणारा इथे आहे. रेडिएटरातलं पाणी काढ आणि गाडी झाकून ठेव. हे मेकॅनिकचं सांगणं.

नवऱ्याचं विचारशील तर, घरात तेवढाच आवाज असेल. राहू दे चालू.

तुझाच,
एर्चिम