नववी खुंटी

२ तारीख, मंगळवार

प्रिय खटपट्यास,

अनेक आशीर्वाद. माझं अक्षर दिसलं तर पाकीट न फोडताच फेकशील अशी धास्ती होती, म्हणून वरचा पत्ता तुलाही माल देणाऱ्या सुट्या भागांच्या दुकानदाराकडून लिहवून घेतला. फोन नंबर मात्र तो देईना. "त्यांनी नको सांगितलंय, काका," म्हणाला. बरं.

इकडे सर्व ठीक. दुकान वर्षापूर्वी बंद केलं. शिलाई मशीन बिघडलं की लोक नवं घेतात, दुरुस्तीला कोण आणतंय? पाने, पेचकस, तेलाची बुधली सगळं घरी आणून खिडकीखालच्या टेबलावर मांडलंय. गुडघे कुरकुरतात, पण तिथे तेल घालून उपयोग नाही.

मुद्द्याचं लिहितो. मी घरी कॉम्प्युटर जोडलाय. ज्या माणसाने तुझ्या कॉम्प्युटरला आपल्या दुकानात हातभर जागा दिली नाही, त्याने. हसलास तरी चालेल. तीन आठवडे पुस्तकं वाचून, व्हिडिओ थांबवून थांबवून बघत एकेक भाग बसवला. बाबांची शिस्त पाळली, हातात एकही स्क्रू उरू दिला नाही. पहिल्यांदा पंखा फिरला आणि पडदा उजळला तेव्हा लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या मी.

आणि आता तो मधेच थिजतो. बाण जिथल्या तिथे, घड्याळ जिथल्या तिथे. कधी पडदा निळा होऊन आपोआप पुन्हा सुरू होतो, कधी बटण दाबून धरून बंद करावा लागतो. तू शिकवायचास तशी वही ठेवलीय, प्रत्येक वेळ लिहून. तीच उतरवतो:

चोवीस तारखेला, सुरू केल्यावर तीन मिनिटांनी. पंचवीसला, सव्वीस मिनिटांनी. सव्वीसला दोनदा, बावीस आणि पंचवीस मिनिटांनी. अठ्ठावीसला, चोवीस मिनिटांनी. एकोणतीसपासून रोज, वीस ते तीसच्या मधे कुठेतरी.

मेमरीच्या दोन पट्ट्या आहेत. एक काढून बघितली, मग दुसरी, मग जागा बदलून. प्रोसेसरवरची पेस्ट पुसून नवी लावली. दुकानदार वही बघून म्हणाला, "काका, तीन मिनिटांत, थंड असताना गेला ना? मग वीजपुरवठ्याचाच डबा खराब." डबा बदलला. फरक शून्य. आता तो म्हणतो तुमच्या घरातली वीजच वाईट. उद्या म्हणेल घरातली माणसं वाईट.

यात काय चुकत असेल ते दोन ओळीत कळव. घाई आहे. कशाची, ते लिहायला हवं खरं.

तुझ्या वहिनीला चार महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू हलते. उजवी नाही, आणि वाचा गेली. समजतं सगळं. तिच्यासाठी केलाय हा कॉम्प्युटर. पडद्यावर शब्दांचे चौकोन असतात, त्यांवरून उजेड सरकत जातो, हवा त्या शब्दावर आला की तिने डाव्या हाताखालचं मोठं बटण दाबायचं. मग यंत्र तो शब्द बोलतं. सगळे शब्द झाले की वाक्य बोलतं.

आणि तिचं वाक्य पुरं होत नाही.

तुझा,
दादा

९ तारीख, मंगळवार

प्रिय खटपट्या,

उत्तर नाही. अपेक्षा धरायला मला तोंड नाही, तरी रोज अकराला खाली जाऊन पत्रांची पेटी उघडतो. पोस्टमन आता मला बघूनच मान हलवतो.

माझ्या नाकी नऊ आलेत. ऑपरेटिंग सिस्टिम दोनदा पुसून नव्याने टाकली. डिस्क बदलली. मेमरीची तपासणी चालवली, पास. गुरुवारी सगळं बाहेर काढून टेबलावर पुठ्ठ्याच्या खोक्यावर मांडलं, आणि काय सांगू, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकदाही अडला नाही! मी पुन्हा पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये बसवला. शुक्रवारी तेविसाव्या मिनिटाला गेला. वायरींचं जंजाळ उघडं पडलेलं यंत्र तिच्या पलंगाशी ठेवायचं कसं? तिचा हात चुकून पडला तर?

थिजतो तेव्हाचा आवाज तू ऐकायला हवास. परवा ती 'पाणी' निवडत होती. यंत्र 'पा' म्हणालं आणि त्या 'पा'वरच अडकलं. पापापापापा, एकसुरी, गोळ्या सुटल्यासारखं. ती घाबरून कानावर हात न्यायला गेली, आणि हात तर एकच. मी धावत जाऊन बंद केला. पाणी आणलं तर तिने तोंड फिरवलं.

सकाळी तिला आंघोळ घालायला एक बाई येतात, आम्ही त्यांना मावशी म्हणतो. त्या माझ्यावर उखडल्या. "अहो काका, तिला पाटी-पेन्सिल द्या की! रोज आशा लावता आणि रोज तोंडावर आपटवता." पाटी दिली होती रे. डाव्या हाताने काढलेल्या रेघा आम्हा दोघांनाही वाचता येत नाहीत, आणि मला वाचता आलं नाही की ती रडते. खुणा करून काय काय विचारणार? भूक, ऊन, उशी, इथवर जमतं. त्यापुढचं जमत नाही.

बावीस तारखेला, सोमवारी सकाळी तिचं ऑपरेशन आहे. मानेतली रक्तवाहिनी साफ करायची आहे, दुसरा झटका येऊ नये म्हणून. डॉक्टर सज्जन आहेत, खोटं बोलत नाहीत. म्हणाले, बहुतेक सगळं नीट होईल, पण काही बोलायचं राहिलं असेल तर आधी बोलून घ्या. मी म्हटलं, तिला बोलता येत नाही. ते म्हणाले, तुम्हाला येतं ना?

तिला एक गोष्ट सांगायची आहे, हे मला ठाऊक आहे. सुरुवात ती करते. तीन शब्द होतात, चार होतात. मग उजेड थांबतो.

पहिल्या वेळचं मात्र विचारू नकोस. बाकीच्या नोंदींवरून काय ते सांग. मी हात टेकलेत. तुझ्यापुढे टेकायला लागतील असं कधी वाटलं नव्हतं, पण टेकलेत.

दादा

१८ तारीख, गुरुवार

खटपट्या,

तुझं कार्ड सोमवारी आलं. मायना नाही, सही नाही. "पहिली नोंद बाकीच्यांशी जुळत नाही. ती खरी असेल तर दोष एक, खोटी असेल तर दुसरा. कोणती ते लिहा."

लिहा! बोलायला लागलास तेव्हापासून मला अरे-तुरे करत आलास, आणि आता 'लिहा'. कार्ड खिशात घालून मी जिन्यातच बसलो थोडा वेळ.

खोटी आहे.

चोवीस तारखेला यंत्र थिजलं नव्हतं. ते झकास चाललं होतं. पहिलाच दिवस, मी कौतुकाने पलंगाच्या उशाशी उभा. तिने पहिलं वाक्य जुळवायला घेतलं. मला वाटलं 'चहा' म्हणेल, नाहीतर माझ्या खटाटोपावर काहीतरी टोमणा. अक्षरांच्या चौकोनांतून एकेक अक्षर वेचून तिने तुझं नाव लिहिलं. खटपट्या. मग, 'का.' मग, 'येत.' आणि माझा पाय भिंतीजवळ जमिनीवरच्या प्लगच्या बोर्डाकडे गेला. मी अंगठ्याने बटण पाडलं. पडदा काळा झाला. मी म्हणालो, "हात्तिच्या, अडकला वाटतं!" आणि तिच्यादेखत वहीत वेळ लिहिली.

दुसऱ्या दिवसापासून तो खरोखरच अडकायला लागला.

का पाडलं, ते तुला ठाऊक असायला हवं, आणि नाही. भांडणानंतर आठ दिवसांनी तू घरी आला होतास. मी दुकानाचं कुलूप बदललं होतं, चारचौघांत तुझ्या कामाला खेळणं म्हणालो होतो, तरी तू आलास. मी दार अर्धं उघडलं आणि म्हणालो, "वहिनीला तुझं तोंड बघायचं नाही." ती तेव्हा आत भांडी घासत होती, नळाच्या आवाजात तिला काही ऐकू गेलं नाही. तिने असं कधी म्हटलं नव्हतं, मनातही आणलं नव्हतं. आई गेल्यावर जिने तुला वाढवलं ती असं म्हणेल हे तू कसं खरं मानलंस? पण मानलंस. मी इतका मोठा भाऊ, मी खोटं बोलेन असं तुला वाटलं नाही. तिला सांगितलं, तो रुसलाय, येईल आपसूक. सहा वर्षं ती दाराची बेल वाजली की पदराला हात पुसत उठायची. ते मी बघत राहिलो. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता सांगायची लाजच मोठी होऊन बसली.

तर सोमवारी दुपारी वही काढली आणि पहिली ओळ खोडली. उरलेल्या सगळ्या वेळा वीस मिनिटांच्या पुढच्या. म्हणजे तापल्यावरच्या. आणि टेबलावर अडत नाही, कॅबिनेटमध्ये अडतो. एवढं समोर दिसत होतं! माझ्या त्या एका ओळीपायी दुकानदाराने भलताच डबा बदलला आणि मी भलतीकडेच शोधत बसलो. यंत्राचा मदरबोर्ड काढून मागून बघितला. कॅबिनेटमध्ये तो ज्यांवर बसतो त्या खुंट्यांसाठी नऊ भोकं आहेत, बोर्डाला आठच. बाबांचा नेम, एकही भोक रिकामं ठेवायचं नाही. शिलाई मशीनमध्ये ते खरं असेल. मी नवव्यातही पितळी खुंटी पिळून बसवली होती. बोर्ड तापून जरासा वाकला की मागचे सोल्डरचे टाके त्या खुंटीला टेकत होते. तिथे काळा ठिपका पडलाय, तिळाएवढा.

खुंटी काढली. मंगळवारी यंत्र दिवसभर चाललं. काल चाललं. आज हे लिहिताना चालू आहे.

मंगळवारी सकाळी मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो आणि सांगितलं, "त्या दिवशी यंत्र अडकलं नव्हतं. मी बंद केलं होतं."  तिने बटणावर हात ठेवला. उजेड फिरायला लागला, आणि यंत्र त्याच्या त्या सपाट आवाजात म्हणालं, "माहीत आहे."

पडदा काळा झाला तेव्हा त्याच्या काचेत तिला माझा पाय दिसला होता. बावीस दिवस तिला माहीत होतं. रोज मी पेचकस घेऊन तिच्यासमोर घाम गाळत होतो, आणि तिला माहीत होतं.

मग तिने राहिलेलं वाक्य पुरं केलं. "खटपट्या का येत नाही?"

प्लगचं बटण माझ्या पायापाशीच होतं. मी पाय खुर्चीखाली घेतला आणि सगळं सांगितलं. दार, नळ, सहा वर्षं. सांगून झाल्यावर म्हटलं, बोल, शिव्या दे, सगळी अक्षरं आहेत तिथे. तिने बटणावरून हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

त्याला आज तिसरा दिवस. यंत्र ठणठणीत आहे आणि ती बोलत नाही. मावशींशीही नाही. मावशी भरवतात तेव्हा चार घास खाते, मी चमचा धरला तर ओठ मिटते. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले अशा मनाने ऑपरेशनच्या टेबलावर नेणं मला आवडणार नाही, पण तारीख पुढे ढकलणंही धोक्याचं. मी कुठले भाग बदलू आता? काय खोलून बघू? आयुष्यभर बिघाड शोधून पोट भरलं रे, आणि हा सापडलाय तर दुरुस्त करणं माझ्या हातात नाही.

काल मी तुझ्या नावाचा एक अख्खा चौकोन केला, पहिल्या ओळीत, 'पाणी'च्या शेजारी. तिला अक्षरं वेचत बसायला नको म्हणून. तासभर दाराआडून बघत होतो. उजेड सरकत सरकत तुझ्या चौकोनावर आला की तिचं बोट हलतं. दाबत नाही. हलतं फक्त.

तुझ्यापाशी माफी मागत नाही, तेवढी माझी पत नाही. माझ्याशी बोलूही नकोस. तू आलास की मी खाली जिन्यात जाऊन बसेन. तिला सोमवारी सकाळी सातला न्यायचं आहे. रविवारपर्यंत कॉम्प्युटर चालू आहे आणि दार सताड उघडं आहे.

अर्धं उघडणारा,
तुझा दादा