त्रेचाळीस जणांचा बाप्तिस्मा

रविवार, ३ जून २००७, दुपारचे सव्वातीन. चर्चची नोंदवही पट्टीने ओळ धरून उतरवत होतो, ती बाजूला ठेवून लिहीत आहे.

ती. तोमासाताईस,
एलिहिओचा सा. न. वि. वि.

आईचा गुडघा बरा आहे. बाबा रोज मला आतोलचा, मक्याच्या गोड पेजेचा, पेला आणून देतात आणि पट्टीने इतिहास लिहिणारा तूच पहिला, म्हणून चिडवतात.

बायबल शाळेच्या शेवटच्या परीक्षेसाठी आपल्या चर्चचा इतिहास लिहायचा आहे. सहावीत शाळा सुटलेल्या मला हे जमेल का, याची धास्ती आहेच. शिवाय ८ जुलैला, चर्चच्या पंचविसाव्या वाढदिवशी, तो सगळ्यांसमोर वाचायचा आहे. पहिले विश्वासी म्हणून बाबा व्यासपीठावर असतील.

एक गोष्ट जुळत नाही. ११ जुलै १९८२ या एकाच रविवारी त्रेचाळीस जणांचा नदीत बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. जुलैत आपल्या नदीत खेचरही उभं राहत नाही. बाबा म्हणतात, देवाने पाणी उतरवलं. तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस. आठवतं ते कळव. आणि तू आठ वर्षं घरी का आली नाहीस, असं मामी विचारते. तिला काय सांगू?

धाकट्यावरची माया उणी होऊ देऊ नकोस.
एलिहिओ

राजधानी, १२ जून

चि. एलिहिओस,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावर तू लिहिलेला पत्ता इतका सुबक की कारखान्यातल्या बायकांनी विचारलं, तोमासा, कोर्टाची नोटीस आली का गं.

नदीत कोणी उतरलं नाही. पास्टरने अंगणात बादलीतलं पाणी शिंपडलं. रांगेत मीही होते. युद्धाच्या त्या दिवसांत कॅथलिक धर्मशिक्षणाचा वर्ग चालवणारा तो बंडखोर, असं ठाण्यातल्या सैनिकांनी ठरवलं होतं. पास्टरच्या नव्या चर्चचं सभासद-कार्ड दाखवलं की माणसाला सोडायचे. त्रेचाळीस जणांना प्रकाश दिसला तो त्या कार्डाचा. त्यासाठी मी कोणाला दोष देत नाही, मीही त्यातलीच.

पुढचं तुझ्या वहीत नसेल. पाद्री पळून गेल्यावर आपल्या गावचा कॅथलिक वर्ग बाबा आणि बाल्तासारमामा घेत. घरात कॅथलिक बायबल सापडलं तर माणूस जायचा, म्हणून दोघांनी आपापलं बायबल प्लास्टिकात गुंडाळून एकाच खड्ड्यात, मक्याच्या शेतात पुरलं. मग बाबांनी कार्ड घेतलं. मामाने घेतलं नाही. हसून म्हणाला, दाजी, तुमचा देव आता फारच कागदपत्रं मागतो. ठाण्यावर सैनिकांनी बाबांना सांगितलं, खरंच बदललास तर दाखवून दे. बाबांनी खड्डा दाखवला. त्याआधी तो एकदा उकरून त्यांनी स्वतःच्या बायबलातलं नावाचं पान फाडलं होतं. माती मी परत लोटली. मामाचं पान तसंच राहिलं. बुधवारी मामाला नेलं.

म्हणून मी येत नाही. मामीला हे कोणी सांगितलेलं नाही, मीही नाही. तू इतिहास शिकतोयस ना, मग लिही.

जेवणाची आबाळ करू नकोस.
तुझी ताई

सोमवार, ९ जुलै २००७, सकाळचे साडेसहा. मामी आत्ताच गेली.

ती. ताईस, सा. न.

मी सगळं लिहिलं होतं, अकरा पानं. बायबल शाळेच्या गुरुजींनी खड्ड्याच्या सातव्या पानावर आडवी रेघ मारली. म्हणाले, अभ्यास चांगला आहे, पण वाढदिवस आभार मानायला असतो; हे पान वगळलंस तर प्रमाणपत्र मिळेल आणि साहाय्यक पास्टरची जागाही.

बाबांनाही विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. पुढच्या वर्षी तू जन्मलास तो त्याच कार्डामुळे, एवढंच म्हणाले. मग त्यांनीच मला विचारलं, सातवं पान वाचणार का.

मी दहा पानं वाचली. बादलीऐवजी, देवाने पाणी उतरवलं, हेही वाचलं. लोक आमेन म्हणाले. मामी अजून कॅथलिक, तरी माझ्यासाठी येऊन मागे बसली होती.

आज उजाडताच ती युद्धात गेलेल्यांच्या भरपाईच्या कचेरीचा अर्ज घेऊन आली. म्हणाली, काल काय स्पष्ट वाचलंस रे, आता माझंही लिहून दे, कचेरीतली पोरं गिचमिड करतात. मामाचं नाव, वय, नेल्याची तारीख, सगळं ती न अडखळता सांगत गेली. शेवटचा रकाना होता, कोणी दाखवून दिलं. मामी म्हणाली, तू एवढा इतिहास लिहिलास, तुला काही सापडलं का?

मी रेघेवर, सुवाच्य अक्षरात, माहीत नाही असं लिहिलं. तिने खाली अंगठा उठवला.

रागाव, पण पत्र बंद करू नकोस.
एलिहिओ