करंगळीच्या शेजारी

नागपूर,
बुधवार, १५ जानेवारी

प्रिय अरुंधतीताई,

शिरसाष्टांग नमस्कार. उमरेडला तू, रविंद्रभाऊजी, मुलं आणि तुझे हातमाग, सगळे खणखणीत असाल. इकडे थंडी मस्त आहे. नूपुरच्या आई आल्यापासून घरात रोज कोथिंबीर भरलेली सांबारवडी होते आहे आणि बाळंतिणीपेक्षा माझंच वजन वाढतंय.

मुलगी झाल्याचं बाबांनी तुला फोनवर सांगितलंच. तीन किलो, डोक्यावर जावळ भरपूर, आवाज थेट तुझा. रडायला लागली की शेजारचे खिडक्या लावून घेतात.

तुझी राखी दरवर्षी येते, चिठ्ठी येत नाही. फोनवर आपण दोघंही ‘बरं आहे ना’च्या पुढे जात नाही. म्हणून हे पत्र. आता मुद्द्यावर येतो. म्हणजे येणारच आहे, पण आधी एक गंमत सांगतो.

बारावीला अर्धसूत्री विभाजन शिकवताना मी दोन रंगांची लोकर नेतो. आईकडून आलेली गुणसूत्रं लाल, वडिलांकडून आलेली पिवळी. प्रत्येक जोडीतली दोघं जवळ येतात, एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात, मगच वेगळी होतात. सेहेचाळीसची तेवीस होतात आणि प्रत्येक वेळी वाटणी निराळी. म्हणून एकाच घरातली दोन भावंडं सारखी नसतात. पोरं हसतात, म्हणतात, सर स्वेटर विणून राहिले. पुढचं वाक्यही मी दरवर्षी फळ्यावर लिहितो: एखादं जनुक अंगात असूनही दिसत नाही. चार वर्षं लिहितोय गं. स्वतःचा हात कधी पाहिला नाही.

ताई, तिच्या डाव्या हाताला सहा बोटं आहेत. करंगळीच्या शेजारी, अगदी तुझ्यासारखंच. त्यावर एवढुसं नखसुद्धा आहे.

नर्सनं दाखवलं तेव्हा मला पहिल्यांदा काय आठवलं असेल, ते तुला माहीत आहे. गांधीबागेतल्या त्या कापडवाल्यांकडची मंडळी तुला पाहायला आली होती. तू तर्री-पोह्यांची बशी पुढे केलीस, त्या मुलाच्या मावशीनं तुझं बोट पाहिलं आणि विचारलं. तू काही बोलायच्या आत मी, बीएस्सीच्या पहिल्या वर्षातला दीडशहाणा, वही घेऊन आलो. वंशावळीचे चौकोन-गोल काढून पाहुण्यांना समजावलं की हिच्या मुलांत हे यायची शक्यता पन्नास टक्के. मावशी म्हणाली, “मग तुह्या हाताले काहून नाही?” मी दोन्ही पंजे पसरून दाखवले. म्हणालो, “माझ्यात नाही. हिच्यातच आहे.”

पोहे अर्धे टाकून ते उठले. बश्या तू उचलल्यास. त्याला अकरा वर्षं झाली आणि मी एकदाही माफी मागितली नाही. मनात म्हणायचो, चुकीचं काय बोललो, विज्ञानच तर सांगितलं. आता कळलं की विज्ञानही चुकीचंच सांगितलं होतं.

आणखी ऐक. परवा नूपुरच्या आई म्हणाल्या, “हे ठेवता काहून? धागा बांधा घट्ट, आठ दिवसांत गळून जाते.” बाबा कोपऱ्यात पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला, डावा हात पुढे केला. करंगळीजवळ तो मसासारखा ठिपका आहे ना, तो दाखवून म्हणाले, “मले बी होतं. आजीनं घोड्याच्या केसानं बांधून पाडलं. त्या दिवशी पाहुण्यांपुढे मी गप्प बसलो. पोरगी एकटी पडली.” आणि रडले गं. आपले बाबा!

म्हणजे बाबांकडून ते आपल्या दोघांकडे आलं. तुझ्यात दिसलं, माझ्यात लपून बसलं. भित्रं कुठलं, माझ्यासारखंच.

डॉक्टर म्हणतात, त्यात हाड नाही, त्रास नाही, धागाबिगा मुळीच बांधू नका, मोठी झाली की तिचं ती ठरवेल. नूपुरलाही तेच हवंय.

बारसं मी पुढे ढकललं आहे, रविवार २६ तारखेवर. आत्या आल्याशिवाय नाव ठेवायचं नाही, असं घरात जाहीर केलं आहे. तू आली नाहीस तर पोरगी ‘बाळ’ म्हणूनच शाळेत जाईल. ताई, माझं चुकलं. फार चुकलं. ये गं.

सोबत तिच्या हाताचा ठसा पाठवतोय. कॉलेजच्या शिक्क्याचं पॅड वापरलं, त्यामुळे अजून चादर जांभळी आहे. बोटं मोजून बघ.

तुझ्या सहा बोटांच्या भाचीचा बाप,
पुष्कर


उमरेड,
सोमवार, २० जानेवारी

प्रिय पुष्कर,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मी मागावर बसूनच वाचलं. बाजूच्या बायजाबाई विचारत होत्या, “काहून वं, हसून राहिली का रडून राहिली?” मलाच सांगता येईना.

ते स्थळ गेल्याचं मला कधीच दुःख नव्हतं. असल्या माणसांकडे जाऊन मी काय केलं असतं? तुझ्या भाऊजींनी पहिल्याच भेटीत माझी बोटं मोजून ‘माग भरभर चालेल’ म्हटलं होतं. मला लागलं ते तुझं दुसरंच वाक्य. ‘माझ्यात नाही.’ लहानपणी तुला याच बोटाला धरून शाळेत नेलं होतं रे मी.

माझ्या दोन्ही पोरांना पाच-पाचच बोटं. तुझे ते पन्नास टक्के इथे आलेच नाहीत. मला वाटायचं, हे माझ्यापाशीच संपणार. ठसा तीनदा मोजला. मग त्यावर माझा हात ठेवून पाहिला.

२५ तारखेला दुपारच्या एसटीनं येते. पाळण्यात घालायला दुपटं विणायला घेतलं आहे. नाव ठरलं आहे, पण तुला सांगणार नाही, तिच्याच कानात सांगेन. बाबांना म्हणावं, आता रडायचं नाही.

आणि नाव ठेवल्यावर आत्याच्या पाठीत सगळे धपाटे घालतात, ते मी आनंदानं खाईन. पण त्याआधी एक तुझ्या पाठीत बसणार आहे, डाव्या हाताचा, पूर्ण सहा बोटांचा. अकरा वर्षं जपून ठेवलाय.

आता एकटी नसलेली,
तुझी ताई