आग्राफ्येनाचं नाव

पापाकुरा, न्यूझीलंड, १४ ऑगस्ट २०१७

प्रिय मैत्रेयी,

'प्रिय' हाताच्या सवयीने लिहिलं गेलं. आज तू मला अजिबात प्रिय नाहीस.

तुझं पुस्तक मिळालं. गावा-प्रांतांच्या नावांवरून झालेले बोलीतले रशियन शब्द, मराठी अर्थासह. मुखपृष्ठावर तुझं एकटीचं नाव. त्याचं मला खरंच काही नाही, प्रकाशकांकडे खेटे तूच घातलेस. पण मी इथून दीडशे कार्डं पाठवली, प्रत्येकावर शब्द सांगणारीचं नाव आणि गाव होतं. ते कुठे गेलं? वर ईमेलमध्ये लिहितेस, "वाचकाला त्या नावांचं काय गं? उगाच पानं वाढतात." कमाल आहे तुझी. पुण्यात आपण रशियन शिकत होतो तेव्हा काशिनाथसर बिननावाचं कार्ड टराटरा फाडून हातात द्यायचे, त्यावरून वर्गात रडली होती ती तूच ना?

ती सगळी कार्डं आग्राफ्येनाची. माझी शेजारीण, नव्वदीला टेकलेली, लोकरी मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून फिरणारी. मुलामागोमाग इथे आली, मुलगा वारला, आणि रशियन बोलायला तिला मी एकटी उरले. माझी लेक जुई मराठीत विचारलं तरी इंग्लिशमध्येच उत्तर देते, त्यामुळे बोलायला मलाही आग्राफ्येना हवीच होती. डेअरीतून तिचं दूध घेऊन गेले की बसवून घ्यायची. वर्गातला शेवटचा बाक म्हणजे 'कामचात्का', देशाच्या पार टोकाला आहे म्हणून. पोलीस कोठडी म्हणजे 'सिबीर्का', सायबेरियावरून. तिचे वडील 'पीतेरश्चिक', पीतेरला, म्हणजे सेंट पीटर्सबर्गला, मजुरीला जाऊन येणारे. सांगताना हसायची. व्होल्गावर धरण झालं तेव्हा तिचं गाव, झारेच्ये, पाण्याखाली गेलं. आज ते नकाशातही नाही. तिचं आणि तिच्या गावाचं नाव पुस्तकात छापून येईल, असं मी तिला कबूल केलं होतं. आणि तू काय छापलंस? 'न्यूझीलंडमधील एक वृद्धा.' लाज कशी वाटली नाही गं तुला?

आता ऐक, हे पत्र का लिहितेय ते. आग्राफ्येना महिनाभर अंथरुणावर आहे, डोळ्यांनी दिसत नाही. रविवारी पुस्तक घेऊन गेले, तर म्हणाली, "माझं नाव कुठे आहे? त्यावर माझं बोट ठेव." मी काय करणार होते? मुखपृष्ठावरची तुझ्या नावाची अक्षरं उठावाची आहेत. तिचं बोट मी त्यांच्यावर ठेवलं. किती तरी वेळ ती तुझं नाव कुरवाळत होती. मग विचारलं, "आणि झारेच्ये?" मी हो म्हणाले. आयुष्यात इतकं घाणेरडं खोटं मी कधी बोलले नव्हते, आणि ते तू मला बोलायला लावलंस. डॉक्टर दोन-तीन आठवडे म्हणताहेत. नवीन पान छाप, नाही तर नुसती पट्टी छाप, पण तिचं नाव आणि तिचं गाव, तसंच उठावाच्या अक्षरांत, आणि लगेच कुरिअर कर. ती गेल्यावर आलं तर मी पाकीट फोडणार नाही.

अजून तरी तुझीच,
मृदुला