ढेकळातलं मीठ

१७ नोव्हेंबर

परत वजा! खतातलं मीठ काळ्या मातीच्या ओल्या ढेकळात कसं पसरतं, एवढंच कॉम्प्युटरवर मांडलंय. आणि भेगेजवळ मिठाचा आकडा शून्याच्या खाली. शून्यापेक्षा कमी मीठ कुठे असतं का?

चंदनचा फोन आला. त्याच्या साखरपुड्यानंतरचा पहिला. वाटलं, काहीतरी बोलेल. तर जर्नलला पाठवलेल्या आमच्या पेपरचं. परीक्षकांनीही तेच विचारलंय, सरांनी दोघांना मिळून दुरुस्त करायला सांगितलंय. नागपूरला पीएचडी सोबत केली, प्रोग्रामही सोबत लिहिला — मेश, म्हणजे ढेकळाचे तुकडे पाडणारी जाळी, त्याची, तिच्यावरचं गणित माझं. आता तो पुण्यात. मी हिंगणघाटला शिकवते, वडनेरला आईजवळ राहते.

म्हणाला, रोज संध्याकाळी बोलत जाऊ, चूक सापडेपर्यंत.

सापडेपर्यंत.

१९ नोव्हेंबर

वेळेची पायरी लहान केली. फरक नाही. तासभर बोललो, फक्त मेशवर. भेग वाकडीतिकडी, त्यामुळे ढेकळाचे सारखे चौकोनी तुकडे पडत नाहीत. लाखो लहानमोठे चौपैलू तुकडे, कसेही एकमेकांना चिकटलेले. त्याला वाटतं, भेगेजवळचे फार चपटे झालेत. नवी मेश करून पाठवतो म्हणाला.

२० नोव्हेंबर

नवी मेश. तेच.

२२ नोव्हेंबर

आई कापूस वेचून आली. हात धुता धुता म्हणाली, "तो काऊन फोन करून राह्यला आता?"

कामाचा असतो, म्हटलं.

"त्याच्या बापानं आपल्या घरचं पाणी नाई घेतलं, बाई. इसरली काय?"

कशी विसरेन. बबनराव उन्हाळ्यात आले होते, एकदाच. खुर्चीवर टेकलेसुद्धा नाहीत. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघत म्हणाले, पोरगी हुशार आहे, पण आमच्यात चालत नाही. चंदन दारात उभा. चप्पलही काढली नव्हती. एक शब्द बोलला नाही.

आणि मी रोज संध्याकाळ व्हायची वाट बघते.

२५ नोव्हेंबर

सापडलं.

लाखो तुकडे बाजूला ठेवले, दोनच घेऊन कागदावर हिशोब केला. भेगेजवळ काही तुकड्यांच्या मधल्या भिंतीची दिशा उलटी लागलीय. एकातून निघालेलं मीठ शेजारच्यात जमा व्हायला हवं. इथे दोघांतूनही वजा होतंय. दोन्हीकडून निघतं, पोचत कुणालाच नाही.

दिशा सुधारून चालवलं. सगळे आकडे शून्याच्या वर. जेवढं मीठ टाकलं तेवढंच शिल्लक. आनंद व्हायला हवा होता.

संध्याकाळी त्याने विचारलं, काही निघालं का?

नाही म्हटलं. अजून तेच आहे.

२६ नोव्हेंबर

अजून तेच आहे.

२९ नोव्हेंबर

तो एकेक उपाय सुचवतो, मी हो हो करते. आज मेशचं बोलून झालं तरी फोन ठेवला नाही त्याने. कापूस किती निघाला, आईचे गुडघे कसे आहेत... मी सगळं सांगितलं. त्याच्या लग्नाचं त्याने काढलं नाही, मीही नाही. पुढच्या रविवारी आहे, आर्वीला.

फोन ठेवल्यावर न्हाणीत जाऊन रडले. नळ सोडून — आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

१ डिसेंबर

सरांचा मेल. उद्यापर्यंत दुरुस्ती पोचली नाही तर पेपर गेला. पेपर त्याचाही आहे.

मीच फोन लावला. भिंतींची दिशा उलटी आहे, सांगितलं. आणि हेही सांगितलं की मला आधीच सापडलं होतं, मुद्दाम बोलले नाही. का, ते त्याने विचारलं नाही. एवढंच म्हणाला, पाठवून दे सरांना.

२ डिसेंबर

पेपर पाठवला. दुपारी त्याचा फोन.

"मले पह्यल्याच दिवशी दिसलं होतं, काजल. नवी मेश बी तशीच उलटी ठेवून पाठवली मी."

फोन मीच आधी ठेवला.